क्लचचा पाय मोकळा करणारा प्रोफेसर

भंडारा जिल्ह्याची ओळख सांगताना लोक तलाव सांगतात, तांदूळ सांगतात, पितळेची भांडी सांगतात. मेकॅनिकलच्या पोरांनी या यादीत गिअरबॉक्स जोडायला काहीच हरकत नाही. साकोली रोडवर गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला. ट्रकचे गिअरबॉक्स बनवणं हे त्याचं मुख्य काम. जर्मनीच्या झेडएफ कंपनीच्या लायसन्सवर सिंक्रोमेश गिअरबॉक्स तिथे तयार झाले. म्हणजे कन्याकुमारीच्या चढावर एखादा ड्रायव्हर गिअर टाकतो तेव्हा त्याच्या हाताखाली आपल्या जिल्ह्यात कापलेले दात एकमेकांत बसत असतात. इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलेल्यांना हे ठाऊक आहेच (बाकीचे त्या दिवशी कँटीनच्या शोधात होते).

पण हे सगळे गिअरबॉक्स हाताने चालवायचे. त्यांच्यासोबत क्लच आला, आणि क्लचसोबत ड्रायव्हरचा डावा पाय आला. वैनगंगेच्या पुलावर ट्रकांची रांग लागलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल की अर्ध्या तासात तो पाय किती वेळा खाली-वर होतो. ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या गाडीत हे पेडलच नसतं. त्याच्या जागी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधोमध तेलाने भरलेलं, मेदूवड्याच्या आकाराचं एक भांडं असतं. त्याचं नाव टॉर्क कन्व्हर्टर. आपल्या सिलॅबसमध्ये त्याला एक आकृती आणि फार तर आठ मार्क. ते ज्या माणसाने शोधलं त्याचं नाव मात्र बऱ्याच पुस्तकांत सापडत नाही, आणि सापडलं तरी उच्चार काय करायचा इथे गाडी अडते. जर्मन लोक म्हणतात हेर्मान फ्योटिंगर. आपणही तसंच म्हणू.

फ्योटिंगरचा जन्म ९ फेब्रुवारी १८७७ चा, जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरातला. हे गाव जुन्या काळापासून कारागिरांचं, आणि त्याच्या लहानपणी तिथे विजेच्या यंत्रांचे कारखाने जोरात होते. त्या काळात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला जाणं म्हणजे आपल्याकडे २००० च्या आसपास सगळे कॉम्प्युटर सायन्सला धावले, तसलाच प्रकार. हेर्मानही त्यातलाच. १८९५ ते १८९९ तो म्युनिकच्या टेक्निकल कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकला. आणि नोकरी लागली जहाजं बांधण्याच्या कारखान्यात! ब्रँच एक आणि जॉब दुसऱ्याच क्षेत्रातला, ही तक्रार सव्वाशे वर्षं जुनी आहे, हे फायनल इयरवाल्यांनी लक्षात ठेवावं. त्याच्या बाबतीत मात्र या गोंधळातूनच पुढचं सगळं घडलं.

कारखाना होता श्टेटिन बंदरातला व्हल्कन. आज हे शहर पोलंडमध्ये आहे आणि त्याला श्चेचिन म्हणतात. व्हल्कन म्हणजे तेव्हा जर्मनीतलं मोठं नाव. १८९७ मध्ये अटलांटिक सर्वांत वेगाने पार करणारं कायझर विल्हेल्म डेर ग्रोस हे जहाज त्यांनीच बांधलं होतं. बावीस वर्षांचा फ्योटिंगर तिथे डिझायनर म्हणून लागला आणि नवीन यंत्रांच्या चाचण्या त्याच्याकडे आल्या.

पहिलीच अडचण मजेशीर होती. जहाजाच्या इंजिनाची पॉवर किती, हे नेमकं कोणालाच सांगता येत नव्हतं. वाफेच्या सिलिंडरमध्ये इंडिकेटर लावून आतली पॉवर मोजता यायची. पण त्यातली घर्षणात किती जाते आणि पंख्याच्या शाफ्टपर्यंत किती पोचते, हा अंदाजाचा खेळ. लहान इंजिनाला ब्रेक डायनॅमोमीटर लावता येतो. हजारो हॉर्सपॉवरच्या जहाजाला कुठला ब्रेक लावणार? फ्योटिंगरने शाफ्टलाच मोजमापाचं साधन बनवलं. टॉर्क लागला की शाफ्ट किंचित पिळला जातो. लांबी, व्यास आणि पोलादाचा मॉड्युलस माहीत असेल तर पीळ मोजून टॉर्क काढता येतो. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समधलं जे सूत्र आपण पाठ करून पेपरात ओततो, तेच त्याने फिरत्या जहाजावर वापरलं. त्याने बनवलेलं टॉर्शन डायनॅमोमीटर जहाजांवर बसवलं गेलं, आणि याच विषयावर १९०४ मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली. टॉर्क ही गोष्ट त्याच्या डोक्यात तेव्हापासून जी बसली ती कायमची.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. त्या सुमारास जहाजांत पिस्टनच्या इंजिनांऐवजी स्टीम टर्बाइन येऊ लागले होते. टर्बाइनला मजा येते मिनिटाला हजारो फेऱ्यांवर. जहाजाचा पंखा मात्र सावकाश, शे-दोनशे फेऱ्यांवर चांगलं काम करतो. जोरात फिरवला तर पाण्यात पोकळ्या तयार होतात, आवाज होतो, पाती खाल्ली जातात आणि ढकलणं कमी होतं. दोघांना एकाच शाफ्टवर बसवलं तर दोघांनाही आपल्या स्वभावाविरुद्ध वागावं लागतं. त्यात टर्बाइन उलटा फिरत नाही, म्हणून जहाज मागे घ्यायला वेगळा टर्बाइन लागायचा. तुमच्या लक्षात आलं असेल, हा प्रश्न ट्रकचाच आहे. इंजिन एका वेगावर खूश, चाक दुसऱ्या वेगावर, आणि मध्ये कोणीतरी समेट घडवून आणणारा पाहिजे.

साधं उत्तर म्हणजे दात्यांचे गिअर. पण एवढी मोठी पॉवर, एवढ्या वेगाने, महिनोन्‌महिने झेलतील असे गिअर त्या वर्षांत अचूक कापता येतील यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. फ्योटिंगर शिकला होता इलेक्ट्रिकल. त्याने आधी त्याच वाटेने विचार केला: टर्बाइनला जनरेटर जोडा, पंख्याला मोटर जोडा, मध्ये फक्त तारा. तांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण वजन आणि खर्च भयंकर. मग त्याने विजेच्या जागी पाणी धरलं. जनरेटरच्या जागी पंप, मोटरच्या जागी पाण्याचा टर्बाइन, आणि तारांच्या जागी पाइप. पण हिशेब मांडला तर इथेही गणित बसेना. पंपाची एफिशिएन्सी समजा ८० टक्के, टर्बाइनची ८५; गुणाकार केला की ६८ वर येतो, आणि त्यातून पाइपमधले लॉसेस वेगळे. ज्या जहाजाचा तिसरा हिस्सा कोळसा पाणी गरम करण्यातच जातो ते कोण विकत घेणार?

खरी करामत आता येते. तो लॉसेसच्या मागे लागला, म्हणजे ते नेमके कुठे होतात ते शोधायला लागला. त्याला दिसलं की पंपाच्या चाकात किंवा टर्बाइनच्या चाकात फारसं काही वाया जात नाही. वाया जातं ते मधल्या मार्गात. पंपातून वेगाने निघालेलं पाणी आधी व्हॉल्यूट केसिंगमध्ये हळू करायचं, त्याचा वेग दाबात बदलायचा, पाइपातून न्यायचं, आणि टर्बाइनच्या दारात तोच दाब पुन्हा वेगात बदलायचा. मग हे सगळं मधलं सामान हवंच कशाला? त्याने पाइप काढले, केसिंग काढली, आणि पंपाचं चाक व टर्बाइनचं चाक एकाच बंद डब्यात समोरासमोर बसवलं. पंपातून निघालेलं पाणी त्याच वेगाने थेट टर्बाइनच्या पात्यांवर. परत येताना स्थिर पात्यांच्या एका कड्यातून वळून पुन्हा पंपात. जून १९०५ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला. वय अठ्ठावीस.

त्या स्थिर कड्याबद्दल चार ओळी जास्त लिहितो, कारण व्हायव्हामध्ये हमखास विचारतात आणि बहुतेक जण तिथेच गार पडतात. डब्यात फक्त पंप आणि टर्बाइन असे दोनच भाग असतील तर जेवढा टॉर्क आत जातो तेवढाच बाहेर येतो. वेग कमी झाला तरी टॉर्क वाढत नाही, कारण धक्का द्यायला तिसरं कोणी नाही. हे झालं फ्लुइड कपलिंग. तिसरा भाग, म्हणजे गाडीच्या बॉडीला अडकवलेला स्टेटर, पाण्याची दिशा वळवतो. दिशा वळवली की पाण्याचं अँग्युलर मोमेंटम बदलतं, ते बदलायला स्टेटरला जोर लावावा लागतो, आणि तो जोर टर्बाइनच्या खात्यात जमा होतो. टर्बाइनचा टॉर्क बरोबर पंपाचा टॉर्क अधिक स्टेटरचा टॉर्क. गिअरबॉक्सचा केसिंग बोल्टने चेसिसला का बांधावा लागतो, याचंही उत्तर हेच. फ्योटिंगरने दात्यांशिवाय गिअरबॉक्स बनवला होता, आणि तो स्टेपलेस होता: लोड वाढला की गुणोत्तर आपोआप वाढायचं.

व्हल्कनने त्याला साथ दिली. आधी कारखान्यात चाचण्या झाल्या, मग १९०९ च्या सुमारास एका छोट्या प्रयोगबोटीवर. बोटीचं नावच फ्योटिंगर ट्रान्सफॉर्मर ठेवलं होतं. यंत्राची एफिशिएन्सी ८५ टक्क्यांच्या घरात पोचली, पुढे थोडी वाढली. शिवाय एका डब्यातलं पाणी काढून दुसऱ्यात भरलं की पंखा उलटा फिरायचा, म्हणजे मागे जाण्याचा वेगळा टर्बाइन गेला. त्याच वर्षी त्याला डान्झिगच्या टेक्निकल कॉलेजात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कला, प्रोफेसर म्हणून बोलावलं. बत्तिसाव्या वर्षी प्रोफेसर! आपल्या कॉलेजातल्या लेक्चरर मंडळींनी हे वाक्य वाचून सोडून द्यावं.

इथून पुढे साधारणपणे अशा लेखांत यशाचा पाढा सुरू होतो. फ्योटिंगरचं तसं झालं नाही. १९१३ मध्ये व्हल्कनने क्योनिगिन लुईझ नावाचं जहाज बांधलं. हॅम्बुर्गहून हेलिगोलँड बेटावर सहलीला जाणाऱ्या लोकांसाठीची ही बोट. तिच्या टर्बाइन आणि पंख्यांमध्ये फ्योटिंगरचे ट्रान्सफॉर्मर होते. एक सीझन नीट गेला. मग ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, नौदलाने बोट ताब्यात घेतली, तिच्यावर पाणसुरुंग चढवले आणि इंग्लंडच्या किनाऱ्यासमोर पेरायला पाठवली. ५ ऑगस्टला इंग्रज युद्धनौकांनी तिला बुडवलं. त्या युद्धात जर्मनीचं बुडालेलं हे पहिलं जहाज. दुसऱ्या दिवशी तिनेच पेरलेल्या सुरुंगांवर अँफियन ही इंग्रज क्रूझर फुटली, आणि क्योनिगिन लुईझवरून वाचवलेले काही जर्मन खलाशी तिच्यासोबत मेले. सहलीच्या बोटीसाठी केलेल्या यंत्राचा असा शेवट.

युद्धापेक्षा मोठा फटका मात्र दात्यांनी दिला. इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्सने १९०९ मध्ये व्हेस्पेशियन नावाच्या जुन्या मालवाहू जहाजात टर्बाइन आणि पंखा यांच्यात सरळ रिडक्शन गिअर बसवून दाखवला. एफिशिएन्सी ९८ टक्क्यांच्या आसपास. जे गिअर टिकणार नाहीत म्हणून फ्योटिंगर पाण्याकडे वळला होता, तेच अचूक कापता येऊ लागले. ८८ आणि ९८ मधला फरक कागदावर दहा टक्के, पण जहाजाच्या कोळशाच्या कोठारात तो हजारो टन. काही वर्षांतच जहाजांच्या बाजारातून हायड्रॉलिक ट्रान्सफॉर्मर गेला. ज्या कामासाठी तो शोधला होता, नेमक्या त्याच कामात तो हरला.

मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे. त्याने हट्ट धरला नाही आणि रडतही बसला नाही. डान्झिगला तो पाण्याच्या प्रवाहाच्या मुळाशी गेला: भोवरे, पंख्याच्या पात्यांवरचा प्रवाह, पोकळ्या का होतात. इलेक्ट्रिकलचं शिक्षण पुन्हा कामी आलं. तारेभोवती चुंबकीय क्षेत्र जसं फिरतं, तसंच भोवऱ्याभोवती पाणी फिरतं, गणित तेच, हे त्याने पात्यांच्या अभ्यासात वापरलं. १९२४ मध्ये तो बर्लिनच्या टेक्निकल कॉलेजात गेला आणि प्रवाहयंत्रांचं अध्यासन सांभाळू लागला. आयुष्यभरात त्याच्या नावावर शंभराहून जास्त पेटंटं जमा झाली.

इकडे व्हल्कनमध्येच गुस्ताव बाउअर या इंजिनिअरने दुसरा विचार केला. जहाजांत आता डिझेल इंजिनं आली होती. त्यांचे धक्के गिअरच्या दातांना सहन होत नव्हते. बाउअरने फ्योटिंगरच्या डब्यातला स्टेटर काढून टाकला आणि उरलेलं दोन चाकांचं कपलिंग इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये बसवलं. टॉर्क वाढत नाही, पण एफिशिएन्सी ९७-९८ टक्के, आणि धक्के पाण्यात विरतात. ज्या गिअरने फ्योटिंगरला हरवलं, त्याच गिअरला वाचवायला त्याचं अर्धं यंत्र परत आलं!

तिथून ते रस्त्यावर आलं. हॅरॉल्ड सिंक्लेअर नावाच्या इंग्रज इंजिनिअरला लंडनच्या बस सुटताना जो हिसका बसायचा तो घालवायचा होता. त्याने हे कपलिंग बससाठी वापरायचं ठरवलं. १९३० मध्ये इंग्लंडच्या डेमलर कंपनीने फ्लुइड फ्लायव्हील म्हणून ते विकायला काढलं. जर्मनीत फॉइथ कंपनीने रेल्वेच्या डब्यांसाठी आणि इंजिनांसाठी फ्योटिंगरचं तत्त्व घेतलं. कार्ल्सरूहच्या काही प्राध्यापकांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी स्टेटरखाली फ्रीव्हील बसवलं. सुरुवातीला स्टेटर अडून राहतो आणि टॉर्क वाढवतो, वेग जुळत आला की तो सुटा फिरू लागतो आणि कन्व्हर्टरचं कपलिंग होतं. एकाच डब्यात दोन्ही फायदे. आजच्या गाड्यांत जो असतो तो हाच प्रकार. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइल गाडीत हायड्रामॅटिक आला: फ्लुइड कपलिंगच्या मागे प्लॅनेटरी गिअर, चार स्पीड, आपोआप बदलणारे. १९४८ मध्ये ब्युइकच्या डायनाफ्लोमध्ये खरा टॉर्क कन्व्हर्टर आला. १९४९ मध्ये पॅकार्डने त्याला लॉक-अप क्लच जोडला. म्हणजे वेग जुळला की पंप आणि टर्बाइन लोखंडाने एकमेकांना धरतात आणि घसरण शून्य. जहाजावर फ्योटिंगरला जे दहा टक्के महागात पडले, ते इथे भरून निघाले.

आता हॉस्टेलमधल्या ट्रकवेड्या मंडळींसाठी थोडं आडवळण घेतो. अमेरिकेतले जोरदार पिकअप ट्रक हा त्यांचा आवडता विषय, आणि वाद नेहमी एकच: कोणता गिअरबॉक्स भारी? हॉर्सपॉवर सगळे पाठ करतात, गुणोत्तरं कोणी बघत नाही. ही बघा. जनरल मोटर्सचा ४एल८०ई, १९९१ चा, मजबुतीसाठी प्रसिद्ध, चार स्पीड: २.४८, १.४८, १.००, ०.७५. त्याचा हलका भाऊ ४एल६०ई: ३.०६, १.६३, १.००, ०.७०. अ‍ॅलिसन १०००, जो २००१ च्या मॉडेलपासून डिझेल सिल्व्हराडोत आला: ३.१०, १.८१, १.४१, १.००, ०.७१, आणि २००६ पासून सहावा ०.६१. आणि झेडएफचा आठ स्पीडचा ८एचपी, जो २०१३ च्या मॉडेलपासून रॅम १५०० मध्ये गेला: ४.७१, ३.१४, २.११, १.६७, १.२९, १.००, ०.८४, ०.६७. हो, गडेगावला लायसन्स देणारी झेडएफ ती हीच. १९१५ मध्ये झेपेलिनच्या विमान-फुग्यांसाठी गिअर कापायला निघालेली कंपनी.

पहिल्या गिअरचा आकडा मोठा म्हणजे ट्रक भारी, असा सरळ निष्कर्ष काढू नका. मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर गुणल्याशिवाय कशालाच अर्थ नाही. ४एल८०ई च्या मागे ४.१० चा अ‍ॅक्सल लावला तर पहिल्या गिअरला एकूण १०.२. ४एल६०ई च्या मागे ३.४२ लावला तर १०.५. दोन्ही जवळपास सारखेच सुटतात! ८एचपीच्या मागे मात्र नुसता ३.२१ लावला तरी १५.१. वर फ्योटिंगरचा कन्व्हर्टर सुटताना टॉर्क साधारण दुप्पट करतो, तेव्हा इंजिनाच्या ४०० न्यूटन मीटरचे चाकावर पहिल्या बाबतीत सुमारे ८१००, तिसऱ्या बाबतीत सुमारे १२१००. (लॉसेस धरलेले नाहीत, गणित ढोबळ आहे.)

दुसरी गोष्ट, दोन गिअरमधली पायरी. इंजिन ३००० आरपीएमला असताना पहिल्यावरून दुसऱ्यावर गेलं की ४एल६०ई मध्ये ते जवळपास १६०० वर पडतं, ४एल८०ई मध्ये १७९० वर, ८एचपी मध्ये २००० वर. पॉवर वरच्या आरपीएमला असेल तर १६०० वर पडलेला ट्रक क्षणभर मरगळतो. ड्रॅग रेस असो की देवरीकडचा मासुलकसा घाट, गिअर बदलल्यावर इंजिन कुठे येऊन पडतं यावरच पुढचे शंभर मीटर ठरतात. आणि शेवटी पसारा, म्हणजे पहिला भागिले शेवटचा. ४एल८०ई चा ३.३, अ‍ॅलिसनच्या सहा स्पीडचा ५.१, ८एचपीचा ७.१. पसारा मोठा असला की सुटायला जोर मिळतो आणि हायवेवर इंजिन शांतही राहतं. ८० सेंटिमीटर व्यासाच्या टायरवर ताशी १०० किलोमीटरला वरच्या जोडणीतला ४एल८०ई चा ट्रक २०४० आरपीएमवर असेल, ८एचपीचा १४२० वर. डिझेलचं बिल इथे ठरतं.

मग आठ-दहा स्पीड आल्यावर कन्व्हर्टरची गरज संपली का? जड मालाच्या ट्रकांत बऱ्याच अंशी तसंच झालं. युरोपात लांब पल्ल्याचे ट्रक एएमटीकडे गेले: गिअरबॉक्स साधाच, दात्यांचा, फक्त क्लच आणि गिअर कॉम्प्युटर हलवतो. एफिशिएन्सी उत्तम, पण गिअर बदलताना चाकाकडचा टॉर्क क्षणभर तुटतो. जिथे तो तुटून चालत नाही, जसं कोळसा खाणीतले मोठे डम्पर, चिखलातून चढणारे, तिथे टॉर्क कन्व्हर्टर ठाण मांडून आहे. आपल्या शेजारच्या खाणींत डबल शिफ्टला चालणारे डम्पर त्याच्याच भरवशावर चढ चढतात. ताकदीच्या पिकअपमध्येही तोच. तिथले शौकीन लोक मुद्दाम लहान व्यासाचा कन्व्हर्टर टाकतात. कारण कन्व्हर्टर पेलू शकणारा टॉर्क व्यासाच्या पाचव्या घाताने आणि वेगाच्या वर्गाने वाढतो. १२ इंचाचा काढून त्याच घडणीचा १० इंचाचा टाकला तर तेवढ्याच टॉर्कसाठी तो सुमारे १.५८ पट जोरात फिरावा लागतो. १८०० ला स्टॉल होणारं इंजिन २८४० पर्यंत उसळतं आणि ट्रक सुटतो तो थेट पॉवरच्या पट्ट्यात. मात्र स्टॉलला एफिशिएन्सी शून्य असते, सगळी पॉवर तेल तापवते. ऑइल कूलर न बदलता हा उद्योग करणाऱ्याचा गिअरबॉक्स महिन्याभरात जळका वास मारतो.

आपल्याकडेही हे तत्त्व रुळांवर धावलं. रेल्वेतले इंजिनिअर मनमोहन सुरी यांच्या नावाचं सुरी ट्रान्समिशन पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकने शंटिंगच्या डिझेल इंजिनांसाठी बनवलं. आणि पवनीच्या मुलांनी नागपूर-नागभीडची जी छोटी गाडी २०१९ पर्यंत पाहिली, तिच्या डिझेल इंजिनातही चाकांपर्यंत जोर पोचवायला हायड्रॉलिक ट्रान्समिशनच होतं.

फ्योटिंगर मात्र बर्लिनमध्येच राहिला. त्याचं यंत्र जगभर पसरत होतं ते बरंचसं देशाबाहेर, आणि दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्याही कामी आलं. अमेरिकेच्या एम५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनं आणि त्यांच्या मागे हायड्रामॅटिक होता. नव्या भरतीच्या पोरांना क्लचची सवय लावायला वेळ नव्हता, तिथे हे बरं पडलं. नॉर्मंडीपासून जर्मनीपर्यंत हे रणगाडे आले तेव्हा त्यांच्या आत तेलाच्या डब्यांत एकमेकांसमोर फिरणारी दोन चाकं होती, चाळीस वर्षांपूर्वी श्टेटिनच्या जहाज-कारखान्यात समोरासमोर ठेवलेली.

एप्रिल १९४५ मध्ये सोव्हिएत फौजांनी बर्लिनला वेढा घातला. घराघरातून, रस्त्यारस्त्यावर तोफा चालत होत्या. अडुसष्ट वर्षांचा प्रोफेसर शहरातच होता. २८ एप्रिलला तोफगोळ्याच्या एका कपचीने त्याचा जीव घेतला. दहा दिवसांनी युरोपातलं युद्ध संपलं. डायनाफ्लोची पहिली ब्युइक रस्त्यावर यायला तेव्हा तीनेक वर्षं बाकी होती. बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत प्रवाहाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला पुढे त्याचं नाव दिलं गेलं.